घाम वाळला नाही तर

उष्माघात म्हटलं की विदर्भातला ४५ अंशांचा पारा आठवतो. पण १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतल्या खारघरला उघड्या मैदानावरच्या सोहळ्यानंतर दहाहून अधिक माणसं दगावली, तेव्हा तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. दमट हवेत तो नुसता निथळतो आणि उष्णता आत साठत जाते. शरीराचं तापमान ४० अंशांपलीकडे गेलं की माणूस असंबद्ध बोलू लागतो, झटके येतात. रक्त त्वचेकडे वळल्याने आतड्यांचा पुरवठा घटतो, तिथले विषारी घटक रक्तात उतरतात. मूत्रपिंडं आणि यकृतही निकामी होऊ शकतात.

कुणी म्हणेल, उन्हात राबणाऱ्यांना सवय असते. सवय होते हे खरं, एक-दोन आठवड्यांत घाम लवकर आणि जास्त सुटू लागतो. पण दमट हवेत तो वाळणार कसा? आणि तापाची गोळी इथे उपयोगाची नाही, कारण हा ताप मेंदूने चढवलेलाच नसतो. म्हणून १०८ क्रमांकावर फोन करा, पण रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नका: सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी मात्र घालू नका.