घोड्याच्या पाठीवरचे शिसे



पारनेर-संगमनेर भागातल्या यात्रेत ज्यांनी बैलगाड्यांचा घाट पाहिला आहे, त्यांना तुलना म्हणजे काय हे निराळे सांगायला नको. गाडे एकामागून एक सुटतात, पुढे घोडी धावते, निशाण पडते आणि भोंग्यावरून सेकंद पुकारले जातात. ज्याचे सेकंद सर्वांत कमी, तो घाटाचा राजा. 2014 साली बंद पडलेल्या या शर्यतींना 2021 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाची परवानगी मिळाली, तेव्हा घाटाबरोबर घड्याळही परत आले.

शर्यतीच्या घोड्यांचे मात्र असे नाही. माझा एक विद्यार्थी, शेतकऱ्याचा मुलगा, एकदा परीक्षेच्या फीचे पैसे खिशात घालून पुण्याच्या रेसकोर्सवर गेला. मागची शर्यत जिंकलेल्या घोड्यावर त्याने सगळे लावले. घोडा चौथा आला. रात्रीच्या एस.टी.ने नगरला उतरला तो थेट माझ्या दारात. “सर, तोच घोडा, तोच स्वार, तेच अंतर. मग हरला कसा?”

घोडा तोच होता. ओझे तेच नव्हते. पुण्या-मुंबईच्या शर्यतींत प्रत्येक घोड्याला एक आकडा दिलेला असतो, त्याला रेटिंग म्हणतात. आकडा ठरवणारा तो हँडिकॅपर. एका आकड्यामागे अर्धा किलो, असा हिशेब. एक घोडा 80 चा, दुसरा 60 चा, तर पहिल्याच्या पाठीवर दहा किलो जास्त. स्वार हलका असला तर खोगिरात शिसे घालून वजन पुरे करतात. स्वाराला शर्यतीआधी तोलतात आणि नंतरही तोलतात. वाटेत शिसे गळून चालत नाही! घोडा जिंकला की आकडा चढतो, हरत गेला की उतरतो. सगळे घोडे एकाच वेळी रेषेवर यावेत, हे हँडिकॅपरचे स्वप्न. म्हणजे आमच्या मुलाचा अंदाज चुकावा, यातच त्याचे यश.

मग नुसते घड्याळ का लावीत नाहीत? घाटात गाडा एकटा पळतो. इथे घोडे एकत्र पळतात. पुढच्याने चाल धरून ठेवली की सगळ्यांचाच वेळ वाढतो, आणि पावसाने माती जड झाली की कालचे सेकंद आज कामाचे नाहीत. म्हणून कोणी कोणाला किती लांब्यांनी मागे टाकले ते पाहतात. लांबी म्हणजे घोड्याच्या अंगाची लांबी, सुमारे आठ फूट. सोळाशे मीटरांत एका लांबीला ढोबळ मानाने एक किलो धरतात, हजार मीटरांत दीड. शिक्षकबंधूंनी हे गणित वर्गात अवश्य घ्यावे. 58 किलो घेतलेल्या घोड्याने 52 किलोवाल्याला सोळाशे मीटरांत दोन लांब्यांनी हरवले, तर तो किती सरस? सहा आणि दोन, आठ किलो; म्हणजे सोळा आकडे.

डर्बीत हा खेळ नाही. 1943 साली पहिली इंडियन डर्बी झाली, ती बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने जिंकली. तिथे सारे चार वर्षांचे, वजन सारखे. घोडीला थोडी सूट. खरा कोण ते तिथे कळते.

विलायतेत तर पिढ्यांचीही तुलना करतात. टाइमफॉर्म या प्रकाशनाने 1965 च्या सी-बर्डला 145 दिले आणि 2012 साली चौदापैकी चौदा शर्यती जिंकून निवृत्त झालेल्या फ्रँकेलला 147. मध्ये सत्तेचाळीस वर्षे आणि फरक दोन पौंडांचा! मला हा हिशेब पुरता पटत नाही.

त्या रात्री मुलाने कागदावर आपल्या घोड्याचे गणित मांडले. मागच्या वेळी सोळाशे मीटरांत एका लांबीने जिंकला, म्हणून दहा आकडे चढले, म्हणजे पाच किलो, म्हणजे पाच लांब्या. जवळपास त्याच सोबत्यांशी तो चार लांब्यांनी हरायला हवा होता. हरला साडेतीन लांब्यांनी.

“म्हणजे सर, घोडा बरा पळाला की!”

“बराच पळाला.”

फीची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी संपत होती. त्याच्या वडिलांना काय सांगायचे, याचा विचार करीत आम्ही दोघे ओट्यावर बसून राहिलो.