मांजरांची दुखणी



वर्धापनदिनी मांजरांवर काय बोलायचे, असे मला घरातच विचारले गेले. पण उंदरांपायी का होईना, आपल्यापैकी पुष्कळजणींकडे मांजर आहे आणि ते आजारी पडले की औषधपाणी आपणच करतो. कधी कधी चुकीचे करतो. मी केले आहे, म्हणून उभी राहिले.

२०१६ साली आमचा बोका सकाळपासून राखेच्या घमेल्यात जाऊन बसू लागला. बसायचा, कण्हायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. मला वाटले, शौचाला होत नाही. सासूबाई म्हणाल्या एरंडेल दे. मी चमच्याने पाजले. दुसऱ्या दिवशी ओकाऱ्या झाल्या, तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. पुढे गुरांच्या डॉक्टरांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाई, त्याची लघवी तुंबली असणार." बोक्याची मूत्रनळी फार अरुंद असते. तिच्यात बारीक रेतीसारखे खडे किंवा चिकट गोळा अडकतो. मग मूत्रपिंडे काम सोडतात, विष रक्तात भिनते आणि दोन-तीन दिवसांत जीव जातो. मांजरीला हे सहसा होत नाही.

२०२१ साली दुसऱ्या बोक्याने तेच सुरू केले. या वेळी मी आधी राख पाहिली. ओली गुठळी एकही नव्हती. पोट दाबून पाहण्याचा मोह आवरला, त्याला पिशवीत घातले आणि तासाभरात गुरांचा दवाखाना गाठला. गुंगी देऊन नळी घातली, लघवी मोकळी झाली. तो अजून घरात आहे. कोरडे खाणे त्याला मी देत नाही. मासळी बिनमिठाची उकडून त्याच पाण्यात कालवून देते, आणि पाण्याच्या वाट्या दोन ठिकाणी ठेवते.

दुसरे, आपली तापाची गोळी. पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नका, अर्धीसुद्धा नाही. त्याच्या यकृताला ती पचवता येत नाही. तोंड सुजते, हिरड्या निळसर-तपकिरी होतात आणि एका गोळीनेही मांजर दगावते. फिनेलच्या ओल्या फरशीवरूनही त्याला जाऊ देऊ नये, कारण नंतर ते पाय चाटते.

दूध मोठ्या मांजराला बहुधा पचत नाही, जुलाब होतात. कानात कॉफीच्या चोथ्यासारखी काळी घाण दिसली तर ते बारीक किडे समजावेत; काडी घालू नये, डॉक्टरांकडून थेंब आणावेत. केस गळून गोल चट्टा पडला तर तो गजकर्ण असू शकतो, आणि तो मुलांना लागतो. दोन दिवस अन्नाला शिवले नाही तर वाट पाहू नये. लठ्ठ मांजराचे यकृत उपासाने बिघडते.

मांजर चावले तर हळद-चुना नको. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्यावी.

गोळी द्यायची ती अशी: जुन्या लुगड्याच्या तुकड्यात मान बाहेर ठेवून मांजर घट्ट गुंडाळावे, गोळी जिभेच्या मुळाशी टाकावी आणि वर थोडे पाणी पाजावे. माझ्या हातावर जे ओरखडे दिसतात, ते हे गुंडाळणे शिकण्यापूर्वीचे आहेत.