छताला पडलेले भगदाड



युरोपातील आजच्या कलेवर वरळीच्या बीडीडी चाळीत बोलायचे, हे आपणांस थोडे विचित्रच वाटेल. पण इल्या कबाकोव्ह या सोव्हिएत कलावंताची १९८५ ची एक रचना ऐका. एक लहानशी खोली. भिंतींवर क्रांतीची भित्तिपत्रके. मध्ये टांगलेली एक मोठी गलोल आणि वर छताला भगदाड! खोलीतला गृहस्थ त्या गलोलीतून थेट अंतराळात निघून गेला आहे. त्याचे जोडे तेवढे खाली राहिले.

ही खोली मॉस्कोकडच्या सामाईक घरातली. एका घरात अनेक कुटुंबे, प्रत्येकाला एक खोली. स्वयंपाकघर आणि संडास सर्वांत मिळून. १६० चौरस फुटांत संसार केलेल्या आपणांस याहून अधिक सांगण्याची जरूर नाही.

१९६१ साली आमचे अण्णाभाऊ साठे त्याच रशियात जाऊन आले आणि त्यांनी प्रवासवर्णन लिहिले. त्या सुमारास कबाकोव्ह मुलांच्या पुस्तकांत चित्रे काढून पोट भरीत होता. वाटेगावाहून पायी मुंबईला आलेल्या माणसाला श्रमिकांच्या राज्याचे अप्रूप वाटले. त्या राज्यात जन्मलेल्याला तिथली कोंदट खोली दिसली. दोघांपैकी एक खोटा, असे आम्ही म्हणणार नाही.

भ्रमनिरास आपल्याही वाट्याला आला, पण तो निराळा. तिकडे समाजवाद येऊन गेला. इकडे तो येणार, येणार म्हणता गिरण्याच गेल्या! जानेवारी १९८२ मध्ये सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. म्हणून तिकडची कला सत्तेची थट्टा करते. आपल्याकडे थट्टा करायची तरी कोणाची? मार्क्सवादी विचारांत वाढलेले चित्रकार सुधीर पटवर्धन २००५ पर्यंत पेशाने ठाण्याचे क्ष-किरण डॉक्टर होते. त्यांनी आधी कष्टकरी माणसे भरदार देहाची रंगविली. २००१ च्या ‘लोअर परळ’ चित्रात त्यांनी बदलते गिरणगाव न्याहाळले. कोणाला गलोलीतून उडविले नाही. आम्हांस हा संयम अधिक कठीण वाटतो.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी इथल्या ५५६ कुटुंबांना मनोऱ्यांतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. लिफ्टने वर जाण्याची ही हकिकत आपल्याच मुलांपैकी कोणी रंगवावी. जुन्या खोलीतले काय वर नेले आणि काय त्या जोड्यांसारखे खाली राहिले, एवढे टिपून ठेवले तरी चित्राला सुरुवात होईल.