पदवीधरांनी पंचायतीकडे वळावे

(परभणी येथे मराठी, इतिहास व राज्यशास्त्र या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



परभणीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ ची. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. नाईक प्रदीर्घ काळ मुख्यमंत्री होते, शेतीवर त्यांचे प्रेम होते, एवढे तुम्ही सारे जाणता. परंतु नागपूरला कायद्याची पदवी घेऊन पुसदला वकिली करणारे हे गृहस्थ १९४६ साली पुसदचे नगराध्यक्ष झाले होते, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. तुंबलेली गटारे, रस्त्यावरची दिवाबत्ती, थकलेली पट्टी आणि ती भरायला तयार नसलेला नागरिक, हे सारे नगराध्यक्षाच्या दारी रोज येते. ती शाळा त्यांनी आधी पाहिली आणि मंत्रालय नंतर पाहिले. १९६० साली महाराष्ट्रातील पंचायत राज्याचा आराखडा ठरविण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. तिच्या अहवालावरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. बलवंतराय मेहता समितीने तालुक्याच्या पातळीवर भर दिला होता. नाईक समितीने तो जिल्ह्यावर दिला आणि जिल्हाधिकाऱ्याला परिषदेच्या बाहेर ठेवले. नाईकांचा पक्ष कोणता होता हा मुद्दा येथे गौण आहे. एका पदवीधराने नगरपालिकेची पायरी कमी प्रतीची मानली नाही, एवढेच मला आज तुमच्यापुढे मांडायचे आहे.

कारण तुमच्यापैकी बहुतेक जण ती पायरी कमी प्रतीची मानता. रागावू नका. इतिहासात एम. ए. करणाऱ्या एका विद्यार्थ्याला मी पुढचा विचार विचारला. तो म्हणाला, ‘सर, राज्यसेवा. नाहीच जमले तर मग जिल्हा परिषद वगैरे.’ त्या ‘वगैरे’ शब्दात आपल्या समाजाची सगळी उतरंड बसली आहे. उपजिल्हाधिकारी झाला तर गावात मिरवणूक, आणि गटविकास अधिकारी झाला तर ‘अजून एकदा बसणार आहेस ना?’ असा प्रश्न! गटविकास अधिकारी आणि नगरपरिषदेचा मुख्याधिकारी ही पदेही त्याच राज्यसेवा परीक्षेतून भरली जातात, हे विचारणाऱ्याच्या गावीही नसते.

आता थोडा हिशेब मांडू. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांची आहे. ही मर्यादा सवलत म्हणून दिलेली आहे, पण पुष्कळांसाठी ती सापळा ठरते. जिंतूर, पालम, सोनपेठचा मुलगा पुण्याला जातो, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, अभ्यासिकेची फी भरतो, मेसचा डबा खातो, आणि घरी सोयाबीनचे पैसे आले की त्यातून त्याचा महिना चालतो. दोन वर्षे, चार वर्षे, सहा वर्षे. परत यायची लाज वाटते म्हणून तो तेथेच राहतो. शासनही त्याच्या वर्षांची फार किंमत करते असे नाही. जिल्हा परिषदांच्या भरतीची जाहिरात मार्च २०१९ मध्ये निघाली, मुलांनी शुल्क भरले आणि ती भरती शेवटी रद्द झाली. नवी जाहिरात १९,४६० पदांची आली ती ऑगस्ट २०२३ मध्ये. मधल्या चार वर्षांत ज्यांचे वय निघून चालले होते, त्यांच्या आईबापांना आपण काय उत्तर देणार? म्हणून माझा आग्रह असा की, परीक्षेला किती वर्षे द्यायची हे पहिल्याच दिवशी, वडिलांच्या समक्ष, आकड्यात ठरवा. आणि स्थानिक स्वराज्य संस्थेची नोकरी हा दुसरा पर्याय म्हणून न धरता तिचा पहिल्यापासून विचार करा.

पहिल्यापासून का, ते सांगतो. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता. जिल्ह्याचा प्रमुख अव्वल तालुकदार, दप्तराची भाषा उर्दू, आणि रयतेने कचेरीच्या पायरीवर उभे राहायचे. राज्य गेले, कचेरीचे भय मात्र पुरते गेले नाही. माझ्या वार्ताहरकीच्या काळात जिल्ह्यातील एका पंचायत समितीच्या व्हरांड्यात मी एका विधवा बाईला तीनदा पाहिले. घरकुल मंजूर, पण हप्ता अडलेला. दरवेळी ‘कागद कमी आहे’ एवढेच उत्तर. कोणता कागद, हे कोणी सांगत नव्हते. शेवटी नव्याने रुजू झालेल्या एका तरुणाने फाईल शांतपणे वाचली. ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीत, म्हणजे नमुना ८ मध्ये, घर अजून मयत सासऱ्याच्या नावे होते. त्याने बाईंना बसायला खुर्ची दिली, अर्ज स्वतः लिहून दिला आणि ‘आत्या, हा ग्रामसेवकाकडे द्या, पोच घ्या’ असे सांगितले. काम झाले. तो तरुण मराठी विषयाचा पदवीधर होता. आलेला कागद नीट वाचणे आणि नवा कागद समोरच्याला कळेल असा लिहिणे, ही विद्या तो महाविद्यालयातून घेऊन आला होता.

येथेच तुमच्या आवडीनिवडींचा प्रश्न येतो. ‘सर, मला कवितेची आवड आहे, मग कार्यालयात माझे काय होणार?’ असे विचारणारे नेहमी भेटतात. परभणीकरांनी तरी हा प्रश्न विचारू नये. बी. रघुनाथ तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील सातोन्याचे. निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी करीत आयुष्य गेले, आणि त्याच माणसाने ‘आडगावचे चौधरी’सारखी कादंबरी लिहिली. कारकुनी सुखाची होती असे मी म्हणणार नाही. तिने त्यांना पुष्कळ जाचले. पण माणसे पाहण्याची सवय त्यांनी टेबलावर मिटवून ठेवली नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला जुनी दप्तरे वाचता येतात, भूगोलाच्या विद्यार्थ्याला नाला कोठून वाहतो हे नकाशावर दिसते, राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठरावाचा कायदेशीर अर्थ कळतो. ग्रामपंचायतीला या तिन्हींची गरज आहे, आणि पुष्कळदा तिच्याकडे यांपैकी काहीच नसते.

नोकरीचा दरवाजा एक झाला. दुसरा दरवाजा लोकांनी निवडून देण्याचा. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे पोपटराव पवार वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर पदवीधर, क्रिकेटचे चांगले खेळाडू. गावातील तरुणांच्या आग्रहाखातर १९८९ साली ते बिनविरोध सरपंच झाले. परभणीहून बराच कमी पाऊस पडणाऱ्या त्या गावात त्यांनी दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडायला सुरुवात केली: यंदा पडले किती, मुरले किती, आणि म्हणून कोणते पीक घ्यायचे. शेतीसाठी कूपनलिका घ्यायच्या नाहीत हा निर्णय गावाने पाळला. जमाखर्च शिकलेल्या माणसाने पाण्याचा जमाखर्च लिहिला, इतके ते सरळ आहे. त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. पण त्याआधीची तीस वर्षे तुम्ही विसरू नयेत. सरपंचपदासाठी वयाची अट एकवीस वर्षे. तुमच्यापैकी पुष्कळ जण आजच पात्र आहेत.

हिशेबाचा विषय निघालाच आहे तर थोडे विषयांतर करतो. पंचायत ही इंग्रजांची देणगी, लॉर्ड रिपनने १८८२ साली ती आणली, असे पाठ्यपुस्तकी उत्तर तुम्ही लिहिता. तामिळनाडूतील उत्तरमेरूरचा दहाव्या शतकातील शिलालेख मात्र त्याच्या साडेनऊशे वर्षे आधीचा आहे. घड्यात नावांच्या चिठ्ठ्या टाकून ग्रामसभेच्या समित्या निवडण्याची रीत त्यात दगडावर कोरली आहे. वयाची अट आहे, विद्येची अट आहे. आणि ज्याने पूर्वी समितीवर राहून हिशेब दिला नाही तो तर अपात्रच, शिवाय त्याचे जवळचे नातलगही अपात्र! आज हा नियम लावला तर किती ठिकाणी उमेदवार सापडतील, याचा अंदाज तुमचा तुम्ही करा.

अधिकाऱ्याच्या जबाबदारीविषयी आणखी एक गोष्ट. आपल्या जिल्हा परिषदेची आणि परभणी महापालिकेची मुदत २०२२ मध्ये संपली. त्यानंतर दोन्हीकडे प्रशासक बसले. महापालिकेसाठी मतदान झाले ते थेट जानेवारी २०२६ मध्ये. या काळात नळाला पाणी आले नाही तर नागरिकाने कोणत्या नगरसेवकाचे दार ठोठवायचे होते? समोर होते ते अधिकारी आणि कर्मचारीच. लोकनियुक्त सभागृहाला पर्याय नाही, हे माझे ठाम मत आहे. पण सभागृह नसताना खुर्चीवर कोण बसले आहे याला किती महत्त्व येते, ते आपण याच शहरात पाहिले.

तयारीविषयी थोडक्यात सांगतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून पुन्हा वर्णनात्मक झाली आहे. पर्यायांवर खुणा करण्याची सवय आता पुरणार नाही. रोज दोन पाने हाताने लिहा. नगरपालिकांकडे ओढा असलेल्यांनी मुंबईत १९२६ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेच्या एलएसजीडी या पदविकेची माहिती घ्यावी. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आणि १९६१ चा जिल्हा परिषद कायदा मार्गदर्शिकेतून न वाचता मूळ वाचा. रुक्ष आहेत, पण वाचवतात. ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे २०२४ मध्ये एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नाव दिले गेले, अशा बदलांकडे लक्ष ठेवा.

आणि एक काम परीक्षेच्या आधीचे. ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरते. यांपैकी जी तारीख आधी येईल, त्या दिवशी आपल्या गावी जा. मागे उभे राहू नका, सतरंजीवर पुढे बसा. आराखड्याचे वाचन होईल तेव्हा विचारा की, पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात निधीचे साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवले होते, त्यातून आपल्या गावात काय झाले? उत्तर लिहून घ्या आणि इतिवृत्तावर सही करूनच उठा. तुमच्यापैकी जे कोणी असे टिपण आणतील, त्यांच्याशी चर्चा करायला मी पुन्हा परभणीला येईन.