परदेशांतील सदनिकेचा विमा

‘घर पाहावें बांधून’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं घर म्हणजे जमीन, भिंती आणि छप्पर असें एकसंध प्रकरण असे, आणि घराचा धनी त्याच घरांत राहत असे. आज कांहीं मराठी कुटुंबें नोकरीच्या वा व्यापाराच्या निमित्तानें परदेशीं जातात, तेथें सदनिका विकत घेतात, आणि पुढें बदली झाली कीं ती मागें ठेवून दुसऱ्या देशीं जातात अथवा स्वदेशीं परततात. घर एकीकडे आणि धनी दुसरीकडे, अशी स्थिति उत्पन्न होते. अशा घराचा विमा कसा निवडावा, या प्रश्नाचा विचार बँकॉक शहराच्या उदाहरणावरून करणें सोयीचें होईल. कारण त्या शहरानें या बाबतींत एक कठोर धडा शिकविला आहे.

दिनांक २८ मार्च २०२५ रोजीं म्यानमारमध्यें, म्हणजे पूर्वीच्या ब्रह्मदेशांत, मंडाले शहराजवळ ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. बँकॉक तेथून सुमारें एक हजार किलोमीटर दूर. तरीही तेथील उंच इमारती हेलकावल्या, बांधकाम चालू असलेली एक मोठी सरकारी इमारत कोसळली, आणि कित्येक निवासी इमारतींच्या भिंतींना भेगा पडल्या. मालकांनीं आपापलीं विमापत्रें काढून पाहिलीं. थायलंडांतील घरांच्या आगीच्या साध्या विम्यांत वादळ, पूर, भूकंप आणि गारपीट या आपत्तींबद्दल मिळून वर्षाला २०,००० बात एवढीच भरपाई ठरलेली असते. समजा, एखाद्या सदनिकेच्या दुरुस्तीस दीड लाख बात लागले, तर उरलेले एक लाख तीस हजार मालकाच्याच पदरचे जावयाचे. अधिक संरक्षण वेगळा हप्ता भरून आधींच जोडून घ्यावें लागतें. आपत्ति कोसळल्यावर तें मिळत नाहीं.

विमा निवडण्यापूर्वीं कॉन्डोमिनियम या मालकीपद्धतीचें स्वरूप नीट समजून घेतलें पाहिजे. मुंबई-पुण्याच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेंत इमारत सर्वसाधारणपणें संस्थेची असते, आणि सभासदास त्या नात्यानें सदनिकेचा हक्क मिळतो. कॉन्डोमिनियममध्यें सदनिका ही प्रत्येकाची स्वतंत्र मिळकत असून जमीन, पाया, खांब, जिने, लिफ्ट, गच्ची यांत सर्वांचा अविभक्त हिस्सा असतो. महाराष्ट्रांत १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्यानें हाच प्रकार आणिला. थायलंडांत असा कायदा १९७९ सालीं झाला, आणि आज त्यान्वये इमारतींतील सदनिकांच्या एकूण क्षेत्रफळापैकीं ४९ टक्क्यांपर्यंत मालकी परकीयांस घेतां येते. सामाईक भागाचा कारभार मालकांची नोंदलेली संस्था पाहते.

म्हणून विम्याच्या बाबतींत पहिला प्रश्न हा, कीं संस्थेच्या विम्याची हद्द कोठें संपते आणि मालकाची जबाबदारी कोठें सुरू होते? कांहीं इमारतींच्या सामाईक विमापत्रांत सदनिकेच्या आंतील मूळच्या भिंती व फरशी येतात. कांहींत येत नाहींत. तेव्हां मालकानें संस्थेकडून त्या विमापत्राची प्रत मागवावी, विम्याची एकूण रक्कम किती, कोणत्या आपत्ति अंतर्भूत आहेत, आणि नुकसानींतील किती रक्कम प्रथम मालकांनींच सोसावयाची आहे, हें पाहावें. वरच्या मजल्यावर राहणाराला पुराची भीति वाटत नाहीं. परंतु पंप, विजेचीं यंत्रें आणि मोटारी ठेवण्याची जागा हीं पुष्कळदां तळघरांत वा तळमजल्यावर असतात. २०११ च्या महापुरासारख्या प्रसंगीं तीं बिघडलीं आणि सामाईक विमा अपुरा पडला, तर खर्चाचा वांटा विसाव्या मजल्यावरील मालकालाही उचलावा लागतो.

दुसरा प्रश्न रकमेचा. सदनिका जेवढ्याला घेतली तेवढ्याचा विमा उतरवावा, असा पुष्कळांचा समज असतो. पण खरेदीच्या किमतींत जमिनीचा हिस्सा आणि मोक्याच्या जागेचें मोल असतें. त्यांना आग लागत नाहीं. आंतील बांधणी, कपाटें, स्वयंपाकघर, हवा थंड करणारीं यंत्रें आणि सामानसुमान हें सर्व आज नव्यानें करावयाचें तर काय खर्च येईल, तो आंकडा धरावा. तो फार कमी धरणेंही हितावह नव्हे. वीस लाखांच्या वस्तूंचा दहा लाखांचा विमा उतरविला, तर पुष्कळ विमापत्रांच्या अटींप्रमाणें चार लाखांच्या नुकसानीस दोनच लाख मिळतात.

तिसरा प्रश्न पाण्याचा. आग क्वचित् लागते; नळ मात्र केव्हांही गळतो. धनी घरांत असला तर तो तासाभरांत तोटी बंद करतो. धनी हजारों मैल दूर असला तर तेंच पाणी आठवडाभर वाहतें, आणि खालच्या शेजाऱ्याचें छत व सामान नासून टाकतें. स्वतःच्या वस्तूंचा विमा अशा वेळीं शेजाऱ्याच्या मागणीस उपयोगी पडत नाहीं. त्यासाठीं इतरांच्या नुकसानीच्या दायित्वाचें कलम विमापत्रांत वेगळें असावें लागतें. गैरहजर मालकास या कलमाची जितकी गरज असते, तितकी दुसऱ्या कशाचीही क्वचितच असेल.

चौथा प्रश्न रिकाम्या घराचा. घर सलग तीस किंवा साठ दिवस बंद राहिल्यास चोरीची अथवा इतर कांहीं प्रकारची भरपाई मिळणार नाहीं, अशी अट पुष्कळदां बारीक अक्षरांत असते. घर बंद राहणार असेल, तर तें अर्जांतच लेखी कळवून कंपनीची मान्यता घ्यावी. भाडेकरू ठेवावयाचा असेल तर तेंही सांगावें. तीस दिवसांहून कमी मुदतीनें प्रवाशांस जागा देणें हें थायलंडांत २००४ च्या हॉटेल कायद्याच्या कक्षेंत जातें, आणि परवान्यावांचून सामान्यतः करतां येत नाहीं. अशा व्यवहारांतून झालेल्या नुकसानीबद्दल कंपनीनें हात वर केले, तर मालकाची बाजू लंगडी पडते.

शेवटचा प्रश्न भरपाई मिळविण्याचा. मूळ विमापत्र बहुधा थाई भाषेंत असतें, आणि इंग्रजी भाषांतराशीं त्याचा विरोध आल्यास मूळ मजकूर प्रमाण मानला जातो. म्हणून महत्त्वाच्या अटी जाणत्याकडून वाचवून घ्याव्या. विश्वासू मनुष्याकडे किल्ली आणि आवश्यक तेवढें मुखत्यारपत्र असावें. तोटी बंद करणें, छायाचित्रें घेणें आणि कंपनीस तत्काळ कळविणें हीं कामें त्यानें करावीं. घर धडधाकट असतांनाचींही छायाचित्रें व खरेदीच्या पावत्या जपून ठेवाव्या; नव्या भेगा कोणत्या आणि जुन्या कोणत्या, हा वाद त्यांवांचून मिटत नाहीं. भरपाईचा दावा न्यायालयांत लावण्याची मुदत थाई कायद्याप्रमाणें आपत्तीच्या दिवसापासून दोन वर्षांची आहे. कंपनीशीं तंटा पडल्यास तेथील विमा आयोगाच्या कार्यालयाकडे दाद मागतां येते. थायलंडांत त्याचा दूरध्वनि क्रमांक ११८६ आहे.

परदेशांतील सदनिका ही बहुधा आयुष्याच्या मिळकतीचा मोठा भाग असते. तिचा विमा निवडतांना हप्ता किती स्वस्त, ही चौकशी सर्वांत शेवटीं यावी. संस्थेचें विमापत्र, खऱ्या खर्चाचा आंकडा, भूकंप-पुराची मर्यादा, शेजाऱ्याविषयींचें दायित्व आणि बंद घराची अट या पांच गोष्टी प्रथम कागदावर मांडाव्या, कंपनीकडून त्यांचीं लेखी उत्तरें घ्यावीं, आणि विमापत्राचें नूतनीकरण होईल त्या प्रत्येक वर्षीं तो कागद पुन्हां एकदां वाचावा. दूर राहणाऱ्या धन्याला एवढी खबरदारी घरबसल्या घेतां येते.