सुदानमधील पीकपाणी व अन्नपुरवठा

ज्वारी हे सुदानमधील जनतेचे मुख्य अन्न होय. निळ्या व श्वेत नाईलच्या दुआबात सेन्नार धरणाच्या पाण्यावर १९२५ साली उभी राहिलेली गेझिरा योजना त्या देशाच्या शेतीचा कणा आहे. एप्रिल २०२३ मध्ये तेथील सैन्य व निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले आणि डिसेंबरात ते गेझिरात शिरले. बियाणे, खते व डिझेल दुर्मिळ झाले. शेतकरी परागंदा झाले. त्या वर्षीचे धान्योत्पादन सुमारे ४१ लक्ष टन, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा ४६ टक्क्यांनी कमी भरले. ऑगस्ट २०२४ मध्ये दारफुरमधील झमझम छावणीत अन्नदुष्काळ जाहीर झाला.

त्याच हंगामात पाऊस चांगला होऊन ज्वारीचे पीक सुधारले. तथापि नोव्हेंबर २०२५ मध्ये एल-फाशेर व कादुगली येथेही अन्नदुष्काळ जाहीर करावा लागला. ज्वारी मुबलक पिकते ती पूर्वेकडील गदारिफ प्रांतात. उपासमार तीव्र आहे ती पश्चिमेस व दक्षिणेस, आणि मधल्या वाटा युद्धाने अडविलेल्या. तेथील पेरण्या जून-जुलैत होतात. त्यापूर्वी बियाणे शेतकऱ्याच्या हाती पडणे आणि या वाटा मोकळ्या होणे, यांवरच त्या जनतेचे अन्न अवलंबून आहे.