माप आणि तोल

धान्य मोजण्याच्या दोन रीती आपल्याकडे पूर्वापार चालत आल्या आहेत. एक भांड्यानें मापण्याची, दुसरी तराजूनें तोलण्याची. गोंधळ असा कीं, दोहोंनाही एकच नांव पडलें होतें. दोन चिपटीं म्हणजे मापटें, दोन मापटीं म्हणजे शेर आणि चार शेरांची पायली, हें झालें माप. ऐशीं तोळ्यांचा शेर, हा झाला तोल. मापी शेरानें घेतलेली बाजरी तराजूंत ऐशीं तोळेच भरेल, असा कांहीं नियम नव्हता.

१९५६ च्या कायद्यानें दशमान पद्धति आली आणि सरकारी व्यवहारांतून शेर गेला. गृहिणीची अडचण मात्र गेली नाहीं. वाण्याकडून जिन्नस येतो किलोनें, आणि पाककृति सांगितली जाते वाटीनें. मग किलोभर रव्याच्या वाट्या किती?

याला सर्व जिनसांस लागू पडेल असें एक उत्तर नाहीं. वाटींत केवळ धान्य भरत नाहीं, दाण्यादाण्यांमधील हवाही भरते. जिला दीडशें ग्रॅम पाणी लागतें, त्या वाटींत तांदूळ सुमारें सव्वाशें ग्रॅम मावतात. साखर जवळ जवळ तितकीच. रवा शंभराच्या आसपास. चाळलेली कणीक ऐशींच्या आंतबाहेर. बारीक मीठ मात्र पाण्याहूनही जड भरतें. शिवाय कणीक अलगद भरली तर एक वजन, ठोकून भरली तर दुसरें, आणि वर शीग ठेवली तर तिसरेंच.

हा भेद केवळ हिशेबाचा नव्हे, तो जिभेला कळतो. सत्यनारायणाच्या प्रसादाला रवा, साखर व तूप सारख्या प्रमाणांत घेतात. एकाच वाटीनें मापलेल्या रव्यापेक्षां साखर वजनाला अधिक असते. तींच दोन्हीं तराजूनें समान तोललीं, तर रव्याच्या मानानें साखर सुमारें पंचमांशानें कमी पडते. रवा मापून आणि साखर तोलून घेतली, तर प्रमाण उरतच नाहीं.

उपाय सोपा आहे. नेहमींची वाटी आधीं रिकामी तोलावी, मग काठोकाठ पाणी भरून तोलावी. वाढलेले ग्रॅम तितकेच मिलिलिटर समजावे. नंतर ती कोरडी करून एकेक जिन्नस भरावा, सुरीच्या पाठीनें शीग उतरावी आणि निव्वळ वजन टिपून घ्यावें. एक हजाराला त्या आंकड्यानें भागलें कीं किलोच्या वाट्या मिळतात. तांदूळ सव्वाशें भरले तर आठ वाट्या, रवा शंभर भरला तर दहा, कणीक ऐशीं भरली तर साडेबारा. हें कोष्टक फडताळाच्या दाराला आंतून चिकटवावें.

आणखी एक काम आजच करण्याजोगें आहे. घरांतील वडील बायका भाजणीचें किंवा अनारशांचें प्रमाण सांगतात तें त्यांच्या ठरलेल्या वाटीनें. ती वाटी हरवली, कीं कागदावर "चार वाट्या" एवढेंच उरतें आणि त्या शब्दांचा अर्थ निघून जातो. ती वाटी हाताशीं आहे आणि सांगणारी समोर आहे तोंवरच तींत पाणी भरून तोला, आणि तो आंकडा पाककृतीच्या शेजारीं लिहून ठेवा. पुढच्या पिढीला ती चव पुन्हां साधावयाची, तर तेवढा एक आंकडा तिच्या फार कामीं येईल.